वंशाचे कूळ आणि जमिनीचे कूळ : 'द ब्रदर्स' (१९४७) या ब्रिटिश चित्रपटाची ऐतिहासिक चिकित्सा

मराठीत 'कूळ' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. एका अर्थी तो वंशाचा, म्हणजे एका मूळपुरुषापासून विस्तारलेल्या गोताचा, वाचक आहे. दुसऱ्या अर्थी तो दुसऱ्याच्या मालकीची जमीन कसणाऱ्याचा वाचक आहे. 'कुळशील' आणि 'कूळकायदा' या दोन समासांत हे दोन अर्थ स्वतंत्रपणे दिसतात. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत असलेल्या स्काय बेटाच्या इतिहासाकडे पाहताना हा अर्थभेद विशेष उपयोगी पडतो. या बेटावर घडणारी कथा सांगणारा 'द ब्रदर्स' हा ब्रिटिश चित्रपट १९४७ साली प्रदर्शित झाला. दोन घराण्यांतील वैर हा त्याचा विषय. पहिल्या अर्थाचे कूळ या चित्रपटाने अत्यंत ठसठशीतपणे पडद्यावर आणले. दुसऱ्या अर्थाच्या कुळाला मात्र त्याच्या कथेत जागा मिळाली नाही. ही उणीव योगायोगाची आहे की तिच्यामागे दूरस्थ समाजाकडे पाहण्याची एक ठरावीक रीत आहे, आणि असा चित्रपट इतिहासाचे साधन म्हणून कितपत ग्राह्य धरावा, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. चित्रपट आणि त्याचे कर्ते

या चित्रपटाचा आधार म्हणजे एल्. ए. जी. स्ट्राँग यांची १९३२ साली प्रसिद्ध झालेली त्याच नावाची कादंबरी. स्ट्राँग हे इंग्लंडमध्ये जन्मलेले व आयर्लंडशी घराण्याचे नाते असलेले लेखक होते. चित्रपटाचे निर्माते सिडने बॉक्स. त्यांनी व त्यांच्या पत्नी म्युरिएल बॉक्स यांनी 'द सेव्हन्थ व्हेल' (१९४५) या चित्रपटाच्या पटकथेसाठी अमेरिकेतील ऑस्कर पारितोषिक मिळविले होते. 'द ब्रदर्स'च्या पटकथेतही या दोघांचा वाटा आहे. दिग्दर्शन डेव्हिड मॅकडोनल्ड या स्कॉटिश दिग्दर्शकाचे. बाह्य चित्रणाचा मोठा भाग प्रत्यक्ष स्काय बेटावर झाला, आणि तेथील डोंगर, खाडी व ढगाळ आकाश यांचे दर्शन हे या चित्रपटाचे निर्विवाद बलस्थान मानले गेले.

कथानक थोडक्यात असे आहे. काळ विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा, १९०० च्या सुमाराचा. ग्लासगो येथील कॅथलिक जोगिणींच्या मठात वाढलेली मेरी ही अनाथ मुलगी स्कायवरील हेक्टर मॅक्रे याच्या घरी मोलकरीण म्हणून येते. हेक्टरला जॉन व फर्गस असे दोन मुलगे आहेत. या कुटुंबात मासेमारीबरोबर चोरून दारू गाळण्याचा व्यवहारही चालतो. मॅक्रे आणि मॅकफॅरिश या दोन घराण्यांत पिढीजात वैर आहे. मेरीविषयी फर्गसला ओढ वाटते, जॉनच्या मनात निराळीच वासना आहे, आणि मॅकफॅरिशांपैकी विली हाही तिच्या मागे आहे. घराण्यांतील चुरस नावा वल्हविण्याच्या स्पर्धेतून व्यक्त होते. वृद्ध हेक्टर तीत उतरतो आणि तीच त्याच्या मृत्यूला कारण होते. त्यानंतर दोन घराण्यांतील वैराची जागा दोन भावांतील वैर घेते आणि कथा शोकांतिकेकडे जाते. चित्रपटातील सर्वांत भयंकर प्रसंग म्हणजे सरकारला खबर देणाऱ्या इसमाला दिलेली शिक्षा. त्याला बांधून, पाण्यावर तरंगत ठेवून, त्याच्या डोक्यावर मासा बांधण्यात येतो. त्या माशावर झेप घेणारा समुद्रपक्षी त्याचा प्राण घेतो.

हेक्टरची भूमिका फिनले करी यांनी, जॉनची डंकन मॅक्रे यांनी, फर्गसची मॅक्सवेल रीड यांनी आणि मेरीची पॅट्रिशिया रॉक यांनी केली आहे. रंगभूमीवर व चित्रपटांत नावाजलेले नट विल् फायफ यांचा हा अखेरचा चित्रपट. त्याच वर्षी डिसेंबर महिन्यात त्यांचे निधन झाले.

१९४६ हे वर्ष ब्रिटनमधील चित्रपटगृहांच्या उपस्थितीच्या दृष्टीने उच्चांकाचे होते. त्या वर्षी एकशेसाठ कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली. युद्धाच्या शिस्तीत व टंचाईत सहा वर्षे काढलेल्या शहरी प्रेक्षकाला उत्कट भावनांच्या कथा हव्या होत्या, आणि पॅट्रिशिया रॉक ही अशा कथांतून लोकप्रिय झालेली नटी होती. स्कायची निवड ही या मागणीला अनुसरून झाली असे मानण्यास जागा आहे. लंडनच्या किंवा मँचेस्टरच्या गल्लीत जी वासना व जो क्रौर्याचा प्रकार प्रेक्षकाला पटला नसता, तो दूरच्या बेटावर, मागच्या काळात आणि 'कुळवैर' या नावाखाली सहज पटण्याजोगा झाला.

२. 'क्लान' या शब्दाचा इतिहास

चित्रपटातील संघर्षाचा आधार 'क्लान' ही कल्पना आहे. गेलिक भाषेत 'क्लान' या शब्दाचा मूळ अर्थ 'अपत्ये, संतती' असा आहे आणि आजही बोलीत तो याच अर्थाने वापरला जातो. हा शब्द मूळचा गेलिक नाही. लॅटिनमधील 'प्लान्ता', म्हणजे रोप किंवा कोंब, हा शब्द प्राचीन आयरिश भाषेत शिरला. त्या भाषेच्या ध्वनिव्यवस्थेत त्या वेळी 'प' हा वर्ण नसल्यामुळे त्याच्या जागी 'क' आला आणि 'क्लांद' असे रूप सिद्ध झाले. रोप या अर्थापासून अंकुर, अंकुरापासून संतती, संततीपासून एका पुरुषाचा वंश, आणि शेवटी त्या वंशाच्या नावाखाली एकत्र आलेला जनसमूह, असा या शब्दाच्या अर्थाचा विस्तार झाला.

या विस्तारातील शेवटची पायरी महत्त्वाची आहे. क्लानमध्ये मोडणारे सर्व लोक रक्ताचे नातेवाईक नसत. सरदाराच्या आश्रयाने राहणारी, त्याच्या भूमीवर कसणारी आणि प्रसंगी त्याच्यासाठी शस्त्र उचलणारी अनेक कुटुंबे त्याचेच उपनाम धारण करीत. रक्ताची भाषा ही पुष्कळदा भूमीच्या संबंधाला दिलेले नाव होते. गेलिक विचारात या संबंधाला 'दूहखस' ही संज्ञा होती. एखाद्या भूमीवर पिढ्यान् पिढ्या राहिल्यामुळे तेथेच राहण्याचा जो हक्क प्राप्त होतो, तो दूहखस. मराठी वाचकाला मिराशीच्या कल्पनेवरून त्याची साधारण कल्पना येईल, मात्र दूहखसला लेखी दस्तऐवजाचा आधार नसे. याच्या उलट, राजसत्तेच्या सनदेने सरदाराला मिळणारी वारसाहक्काची मालकी ही निराळी गोष्ट होती. पुढे न्यायालयांनी मान्यता दिली ती या दुसऱ्या हक्काला.

स्काय बेटावर कुळवैरे झाली यात शंका नाही. डन्व्हेगनचे मॅक्लाऊड आणि स्लीटचे मॅकडोनल्ड यांच्यातील संघर्ष सोळाव्या शतकात विकोपाला गेला होता. १६०१ साली कूलिन पर्वताच्या पायथ्याशी झालेली कोरी ना क्रीखेची लढाई ही या बेटावरील अशा प्रकारची अखेरची लढाई समजली जाते. १६०९ साली आयोना येथे बेटांवरील प्रमुख सरदारांनी राजसत्तेच्या अटी मान्य केल्या, आणि त्यांत वारसांना दक्षिणेकडील सखल प्रदेशात शिक्षणासाठी पाठविण्याचे कलमही होते. १७४६ साली कलोडन येथे जॅकोबाइट सैन्याचा पराभव झाल्यावर सरदारांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार कायद्याने रद्द करण्यात आले. तात्पर्य, चित्रपटाची कथा ज्या काळात घडते त्याच्या सुमारे तीनशे वर्षे आधीच स्कायवरील सशस्त्र कुळवैर संपुष्टात आलेले होते.

चित्रपटातील उपनामही या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. मॅक्रे हे घराणे मूळचे स्कायचे नव्हे. समोरच्या मुख्य भूमीवरील किंटेल हा त्यांचा प्रदेश, आणि मॅकेंझी सरदारांचे पाठीराखे म्हणून त्यांची ख्याती होती. कथाकाराला हव्या त्या नावाची योजना करण्याची मुभा असते हे खरे. परंतु त्यावरून एवढे दिसते की चित्रपटातील वैर हे कोणत्याही विशिष्ट इतिहासाशी बांधलेले नाही. ते सर्वसामान्य 'डोंगरी वैर' आहे, आणि त्याला गाव, साल व कारण नसते.

३. १९०० साली स्कायवर काय होते

आता दुसऱ्या अर्थाच्या कुळाकडे वळले पाहिजे. न्यायाधिकार गेल्यावर सरदार हा केवळ जमीनदार उरला आणि त्याचे अनुयायी त्याची कुळे झाली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी समुद्रशैवाल जाळून त्याची राख विकण्याचा धंदा तेजीत होता. त्यासाठी मनुष्यबळ लागे, म्हणून कुटुंबांना किनाऱ्यावर छोटे छोटे जमिनीचे तुकडे देण्यात आले. यांनाच 'क्रॉफ्ट' म्हणतात. क्रॉफ्टवर कुटुंबाचे पूर्ण पोट भरू नये, म्हणजे ते मजुरीस येईल, असाच या तुकड्यांचा आकार होता. नेपोलियनशी चाललेले युद्ध संपल्यावर हा धंदा बसला, १८४६ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून दुष्काळ आला, आणि मेंढपाळीसाठी मोठी कुरणे भाड्याने देणे जमीनदाराला अधिक किफायतशीर वाटू लागले. वस्त्या उठविण्यात आल्या. स्कायवरील बोररेग व सुइझनिश या गावांतील कुटुंबांना १८५३ साली घराबाहेर काढण्यात आले, हे त्यांपैकी एक प्रसिद्ध उदाहरण. १८४१ साली बेटाची लोकसंख्या सुमारे २३ हजार होती. १९३१ पर्यंत ती निम्म्याहूनही खाली आली.

१८८० नंतर या कुळांनी प्रतिकार सुरू केला. ब्रेज या भागातील कुळांनी बेन ली या डोंगरावरील आपली जुनी चराई परत मिळावी म्हणून लॉर्ड मॅकडोनल्ड यांच्या इस्टेटीचा खंड देण्याचे नाकारले. नोटिसा घेऊन आलेल्या अंमलदाराकडून त्या जाळून घेण्यात आल्या. एप्रिल १८८२ मध्ये ग्लासगोहून सुमारे पन्नास पोलीस आणविण्यात आले आणि त्यांची व गावकऱ्यांची चकमक झाली. तीत स्त्रियांचा पुढाकार होता. चळवळ ग्लेनडेल भागात पसरली. १८८४ साली तर आरमाराचे सैनिक बेटावर उतरविण्यात आले.

सरकारने १८८३ साली चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर हे पूर्वी मद्रास इलाख्याचे गव्हर्नर होते आणि १८७२ साली काही काळ त्यांनी हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयचे कामही पाहिले होते. आयोगाच्या सभासदांत एडिंबरो विद्यापीठातील केल्टिक भाषांचे पहिले प्राध्यापक डॉनल्ड मॅकिनन आणि स्कायमध्ये जन्मलेले गेलिक पंडित अलेक्झांडर निकोल्सन हे होते. आयोगाची पहिली बैठक मे १८८३ मध्ये ब्रेज येथेच भरली. पहिला साक्षीदार अँगस स्टुअर्ट याने गेलिकमध्ये बोलण्याची इच्छा दर्शविली, आणि साक्ष दिल्याबद्दल जमिनीवरून काढून टाकले जाणार नाही असे आश्वासन आधी मागितले. अध्यक्षांना तशी हमी देता येईना. अखेर इस्टेटीच्या कारभाऱ्याला त्याविषयी बोलणे भाग पडले. साडेसातशेहून अधिक साक्षी नोंदवून आयोगाने १८८४ साली अहवाल सादर केला. १८८६ च्या कायद्याने क्रॉफ्टधारकाला कायम कब्जा, वाजवी खंड ठरवून घेण्याचा अधिकार आणि वारसाहक्क मिळाला.

'द ब्रदर्स'ची कथा या कायद्यानंतर अवघ्या चौदा वर्षांनी घडते. ब्रेजच्या चकमकीत सापडलेले तरुण त्या वेळी चाळिशीत असणार. हेक्टर मॅक्रेच्या वयाच्या कोणाही स्कायवासीयाने वस्त्या उठविल्या गेलेल्या पाहिल्या असणार, किंवा निदान आईबापांकडून ऐकल्या असणार. तरीही कथेच्या घडणीत जमीनदार नाही, कारभारी नाही, खंड नाही, चराईचा तंटा नाही. बाहेरची सत्ता येथे येते ती केवळ दारूवरील कराच्या रूपाने. वस्तुतः १८२३ च्या अबकारी कायद्यानंतर चोरटी भट्टी उत्तरोत्तर दुर्मीळ होत गेली होती, आणि टॅलिस्कर ही स्कायची परवानाधारक भट्टी १८३० सालीच सुरू झाली होती. सारांश, जे ओसरत चालले होते ते चित्रपटाने मध्यभागी आणले आणि जे लोकांच्या स्मृतीत जिवंत होते ते वगळले.

४. भावाभावांतील वैराचे खरे मूळ

यावरून चित्रपटातील भावना सर्वस्वी खोट्या आहेत असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. १८८६ च्या कायद्यातील एका तरतुदीकडे येथे लक्ष वेधले पाहिजे. क्रॉफ्टधारकाला आपला कब्जा कुटुंबातील एकाच व्यक्तीच्या नावे मृत्युपत्राने ठेवता येत असे, आणि जमीनदाराच्या संमतीवाचून क्रॉफ्टची वाटणी करण्यास मनाई होती. तुकडे आधीच इतके लहान होते की आणखी वाटणी झाली असती तर कोणाचेच पोट भरले नसते, हे या बंधनाचे कारण. परंतु त्याचा परिणाम असा होई की दोन मुलगे असलेल्या घरात एकालाच जमीन मिळे. दुसऱ्याला समुद्र, सैन्य, ग्लासगो किंवा कॅनडा यांपैकी एक वाट धरावी लागे. नाही तर भावाच्या घरात अविवाहित राहून राबावे लागे. ज्याला क्रॉफ्ट मिळे त्यालाही पुष्कळदा बाप जिवंत असेपर्यंत लग्नासाठी थांबावे लागे. उशिरा होणारी लग्ने आणि अविवाहितांचे मोठे प्रमाण हा या प्रदेशातील समाजजीवनाचा एक विशेष होता.

या पार्श्वभूमीवर मॅक्रे कुटुंबाकडे पुन्हा पाहिल्यास त्याचा निराळाच अर्थ लागतो. वृद्ध पिता अद्याप घरचा धनी आहे, दोन प्रौढ मुलगे अविवाहित आहेत, आणि घरात एक तरुण स्त्री येते. पिता मरताच प्रश्न उभा राहतो तो असा, की घर कोणाचे आणि लग्न करण्याचा अधिकार कोणाचा. भाऊबंदकीचे मूळ येथे आहे. दोन भावांच्या मनातील द्वेष चित्रपटाने बारकाईने टिपला आहे, आणि डंकन मॅक्रे यांच्या संयत, कोरड्या अभिनयात तो प्रत्ययास येतो. परंतु त्याचे कारण सांगताना चित्रपट रक्ताकडे, वासनेकडे आणि बेटाच्या रानटी परंपरेकडे बोट दाखवितो. लक्षण बरोबर आणि निदान चुकीचे, अशी ही स्थिती आहे. कायद्याने व अर्थव्यवहाराने निर्माण केलेला ताण स्वभावदोष म्हणून दाखविला गेला की त्या समाजाविषयी सहानुभूती वाटण्याऐवजी भय वाटू लागते. दूरस्थ समाजांविषयीच्या पुष्कळशा लेखनात हाच प्रकार आढळतो.

५. भाषेचा लोप

१९०१ च्या शिरगणतीत स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलणारे २,३०,८०६ लोक नोंदले गेले. त्यांपैकी २८,१०६ लोकांना गेलिकशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. स्कायवर गेलिक हीच बहुसंख्यांच्या नित्य व्यवहाराची भाषा होती. पूजाप्रार्थना, भांडण, शपथ आणि शोक या सर्व गोष्टी तीत चालत. १८७२ च्या शिक्षणविषयक कायद्यात गेलिकचा साधा उल्लेखही नव्हता, आणि शाळा इंग्रजीत चालत. ग्लासगोहून आलेली मेरी प्रत्यक्षात अशा घरात गेली असती तर तिला पहिला अडथळा भाषेचा जाणवला असता. बाप व मुलगे एकमेकांत काय बोलतात हे तिला कळले नसते, आणि तिच्याविषयीचे निर्णय तिच्यासमोर, परंतु तिला न समजणाऱ्या भाषेत, घेतले गेले असते. परकी मुलगी व संशयी बेट यांच्या कथेला याहून समर्थ साधन मिळणे कठीण. चित्रपटातील संवादव्यवहार मात्र इंग्रजीत चालतो आणि ही नाट्यशक्यता वाया जाते.

व्यापारी चित्रपटाने इंग्रजीचा आश्रय घेतला यात नवल नाही. विचार करण्याजोगी गोष्ट निराळी आहे. फिनले करी एडिंबरोचे, विल् फायफ डंडीचे, डंकन मॅक्रे ग्लासगोचे आणि जॉन लॉरी डम्फ्रीसचे. म्हणजे हे नट जन्माने दक्षिण व पूर्व स्कॉटलंडमधील. नायिका लंडनची, आणि फर्गस झालेले मॅक्सवेल रीड उत्तर आयर्लंडमधील लार्नचे. गेलिक भाषकांची इंग्रजी दाखविण्याची एक रंगभूमीवरील प्रथा यापूर्वीच रुळली होती. 'बिग' या शब्दाऐवजी 'पिग' असे उच्चार करविणे हे तिचे ठळक लक्षण. या प्रथेमागे ध्वनिशास्त्रीय कारण आहे. गेलिकमधील 'ब, द, ग' या अक्षरांनी लिहिले जाणारे ध्वनी अघोष व अल्पप्राण आहेत, आणि 'प, त, क' यांनी लिहिले जाणारे ध्वनी अघोष व महाप्राण आहेत. मराठी भाषकाला हा भेद प आणि फ यांतील भेदासारखा सहज कळेल. इंग्रजी कानाला मात्र त्यातील पहिला ध्वनी चुकून 'प'सारखा ऐकू येई, आणि लेखकांनी तेवढाच पकडून त्याला विनोदाचे साधन बनविले. वाक्यरचनेचेही तसेच. गेलिकमध्ये स्वामित्वदर्शक क्रियापद नाही. 'माझ्याजवळ आहे' अशी मराठीसारखीच रचना आहे. तिची इंग्रजीत उतरलेली छाया दक्षिणेकडील प्रेक्षकाला भाबडेपणाची खूण वाटे. अशा रीतीने एका संपूर्ण भाषेच्या जागी दुसऱ्या भाषेचा बिघडलेला उच्चार येतो, आणि तिचे भाषक द्विभाषक न वाटता अर्धवट बोलणारे वाटू लागतात.

भाषेप्रमाणे धर्माच्या बाबतीतही अदलाबदल दिसते. १८४३ च्या फुटीनंतर स्कायवर फ्री चर्च या कडव्या प्रॉटेस्टंट पंथाचा प्रभाव होता. कॅथलिक वस्ती बारा व दक्षिण युइस्ट या बेटांवर होती. 'द ब्रदर्स'मध्ये स्कायवर कॅथलिक धर्मगुरू वावरतो. याच्या उलट, १९४८ साली बारा बेटावर चित्रित झालेल्या 'व्हिस्की गॅलोर!' या प्रसिद्ध विनोदी चित्रपटात कॅथलिक बेटावरचे लोक रविवारचे प्रॉटेस्टंट निर्बंध पाळताना दाखविले आहेत. शहरातील प्रेक्षकाला एक बेट दुसऱ्यासारखेच, हे गृहीत धरल्याशिवाय अशी अदलाबदल होत नाही.

६. दूरस्थता कोणाच्या दृष्टीने ?

बेटावरील दोन कुटुंबांची चुरस हा विषय ब्रिटिश चित्रपटसृष्टीला नवा नव्हता. मायकेल पॉवेल यांच्या 'द एज ऑफ द वर्ल्ड' (१९३७) या चित्रपटात मॅन्सन व ग्रे ही दोन कुटुंबे आहेत आणि त्यांच्या तरुणांची कडा चढण्याची जीवघेणी शर्यत आहे. २९ ऑगस्ट १९३० रोजी सेंट किल्डा बेटावरील उरलेल्या ३६ रहिवाशांना हलविण्यात आले, त्या घटनेवरून हा चित्रपट सुचला. सेंट किल्डावर चित्रण करण्याची परवानगी न मिळाल्यामुळे तो शेटलंडमधील फौला बेटावर घेतला गेला. सेंट किल्डाचे लोक गेलिक भाषक होते. फौलाची बोली स्कॉट्स असून तिच्यावर जुन्या नॉर्स भाषेचे संस्कार आहेत. तथापि पॉवेल यांच्या कथेत एक गोष्ट स्पष्ट होती. कुटुंबांमधील वादाचा विषय बेटावर राहावे की बेट सोडावे हा होता. म्हणजे तेथे चुरशीला ऐतिहासिक आशय होता. दहा वर्षांनंतरच्या 'द ब्रदर्स'मध्ये हा आशयही गळून पडला.

स्काय १९०० साली खरोखर किती दूर होते ? १८७० साली रेल्वे स्ट्रोमफेरीपर्यंत आली होती आणि १८९७ साली ती काइल ऑफ लोखाल्श येथे, म्हणजे स्कायसमोरच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीपर्यंत, पोहोचली होती. आगबोटी नियमित येत. तरुण मासेमारीच्या हंगामात पूर्व किनाऱ्यावर जात, मुली शहरात घरकामाला जात, पुरुष सैन्यात व आरमारात भरती होत. ग्लासगोत स्कायवासीयांची मोठी वस्ती होती. मेरी ज्या वाटेने बेटावर आली ती वाट तिच्या आधी हजारो माणसांनी उलट दिशेने तुडविली होती. कॅनडा व ऑस्ट्रेलियापर्यंत ज्यांचे नातेवाईक पसरलेले आहेत आणि ज्यांच्या चराईचा प्रश्न लंडनच्या पार्लमेंटात चर्चिला गेला आहे, असा समाज एकाकी कसा म्हणावा ? त्याची दूरस्थता भूगोलाइतकीच पाहणाऱ्याच्या दृष्टीत होती.

चित्रपटाच्या निर्मितीच्या काळात याच बेटांकडे निराळ्या दृष्टीने पाहणारे लोकही काम करीत होते. नॉर्वेचे भाषाशास्त्रज्ञ कार्ल बोर्गस्ट्रॉम यांचे स्काय व रॉसशायर येथील बोलींवरील वर्णनात्मक पुस्तक १९४१ साली प्रसिद्ध झाले होते. १९४६ साली, म्हणजे चित्रपटाची तयारी चालू असतानाच, स्कायलगतच्या रासे बेटावर जन्मलेले कॅलम मॅक्लीन हे आयरिश लोकसाहित्य आयोगाच्या वतीने हेब्रिडीज बेटांतील कथा, गाणी व आठवणी त्यांच्या मूळ भाषेत टिपून घेत होते. १९५१ साली एडिंबरो विद्यापीठात स्कॉटिश अध्ययनाची संस्था स्थापन झाली आणि मॅक्लीन तिच्यात दाखल झाले. एकाच सुमारास एकाच प्रदेशात दोन प्रकारची यंत्रे फिरत होती. एक यंत्र बेटावरील लोकांचे शब्द साठवीत होते, दुसरे त्यांच्या तोंडी शब्द घालीत होते. त्यांपैकी दुसऱ्याचे फलित लक्षावधी लोकांनी पाहिले, आणि पहिल्याचे फलित दीर्घकाळ अभिलेखागारात राहिले.

७. उपसंहार

'द ब्रदर्स'ने इतिहास शिकविण्याचा दावा केलेला नाही, आणि कलाकृतीकडून पाठ्यपुस्तकाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. संशोधकापुढचा प्रश्न निराळा आहे. हा चित्रपट १९०० सालच्या स्कायचा पुरावा मानला तर तो दिशाभूल करतो. १९४७ सालच्या ब्रिटनचा पुरावा मानला तर तो मोलाचा ठरतो. शहरी बहुसंख्य समाजाला आपल्याच राज्यातील एका अल्पसंख्य भाषक समाजाविषयी काय ठाऊक होते, काय ऐकायला आवडत होते आणि कशाचा विसर पडलेला होता, हे त्यातून कळते. त्यासाठी पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींइतकेच न दिसणाऱ्या गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते, आणि न दिसणारे ओळखण्यासाठी नेपियर आयोगाच्या साक्षींसारखी समकालीन साधने हाताशी असावी लागतात.

या विस्मृतीची किंमत लहान नव्हती. १९५१ च्या शिरगणतीत गेलिक भाषकांची संख्या ९५,४४७ वर आली होती. २०२२ च्या शिरगणतीत ती सत्तर हजारांच्या आसपास आहे. स्कायवरच २००७ साली 'शाख्क' हा पूर्ण लांबीचा गेलिक चित्रपट निर्माण झाला, आणि आजोबांकडून नातवाकडे येणाऱ्या कथा हाच त्याचा विषय आहे. 'द ब्रदर्स'नंतर साठ वर्षांनी त्या बेटाने पडद्यावर आपल्या भाषेत बोलण्यास आरंभ केला.

घराण्यांचे वैर हा विषय इतिहासकाराला सर्वत्र भेटतो, आणि तो आकर्षक असल्यामुळे फसवाही असतो. वैराची कथा हाती आली की वंशाच्या कुळाबरोबर जमिनीच्या कुळाचाही शोध घ्यावा; वैरी कोण होते हे ठरविण्याआधी जमीन कोणाची होती, ती कोण कसत होते, वारसाहक्काचा नियम काय होता आणि भांडण कोणत्या भाषेत झाले, हे विचारावे. या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर रक्ताच्या नावाखाली सांगितलेल्या पुष्कळशा गोष्टींना दुसरे, अधिक खरे नाव देता येते.